अशिलाला वाचून दाखवणारे साहेब

माणूस गेल्यावर सुतक सगळेच पाळतात. आमचे साहेब काम गेल्यावर पाळायचे.

मी माजलगावच्या कोर्टात त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून लागले त्या आठवड्यात त्यांची दाढी वाढलेली होती, कपाळाला गंध नव्हतं. मी आपलं हळहळून विचारलं, "साहेब, घरी कुणी...?"

"घरचं न्हाई. हापिसातलं," साहेब म्हणाले. "उर्दू नकला वाचायचं काम मेलं."

निजामाच्या काळातली जमिनीची जुनी कागदपत्रं उर्दूत असत. ती वाचून मराठी करून देणारे तालुक्यात दोघंच उरले होते, त्यातले एक आमचे साहेब. पुढे लोकांनी त्या नकला आणणंच सोडलं. सगळं सातबाऱ्यावर भागायला लागलं. वर्षभर एकही नक्कल आली नाही, तेव्हा साहेबांनी ते काम मेल्याचं जाहीर केलं आणि दहा दिवस वस्तरा लावला नाही. अकराव्या दिवशी दाढी करून आले आणि ग्राहक मंचाच्या कायद्याचं पुस्तक उघडून बसले. त्यांची रीतच ती. "काम मेलं की धा दिवस रडावं. अकराव्या दिवशी दुसरं धुंडावं. बाराव्या दिवशी बी रडत बसला त्यो वकील न्हाई, त्यो पेन्शनर."

टेबलाच्या खणात त्यांची एक जाड वही असायची. डाव्या पानावर मेलेली कामं, उजव्या पानावर जन्मलेली. डावीकडं कूळकायद्याचे दावे, हातानं लिहिलेली नक्कल, टाइपरायटर, आणि धरणात गेलेल्या जमिनींच्या वाढीव मावेजाचे, म्हणजे भरपाईचे, दावे. या मावेजावर आमच्या निम्म्या बार रूमनं घरं बांधली होती, त्यामुळे ते दावे संपत आले तसे सगळ्यांचेच चेहरे उतरले. उजवीकडं पीकविमा, मोटार अपघात, आणि 'घटस्फोट', पुढं प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, "जल्मलं तर हाय, पर आनंद कसा करावा?"

लोक हसायचे. पण मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसायचे, त्यामुळे मला त्यांचा हात दिसायचा. वही उघडली की तो डाव्या पानावरच रेंगाळायचा. साहेब भ्यालेले होते. पासष्टी उलटलेला, चाळीस वर्षं उभा राहिलेला माणूस उद्या आपलं काय म्हणून भितोय, हे बघून मला माझीच भीती वाटायची. मी तर कालची पोर. बीडला कायद्याची पदवी घेतलेली, शेतकऱ्याच्या घरची, कोर्टात आम्ही दोनच बायका. त्यात त्या वर्षी पाऊस नाही. ऊस नाही म्हणून कारखान्याचं धुराडं पेटलं नाही. अर्धा तालुका कोयता घेऊन परमुलखात गेलेला. पुकारा झाला की एकच उत्तर, अशील तोडीला गेलाय, तारीख द्यावी. बार रूममध्ये चहा पिता पिता रोज कुणीतरी म्हणायचंच, "आता सगळं ऑनलाइन व्हनार. वकिलाची गरजच काय राह्यनार बे?"

साहेबांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे वाचून दाखवणं. दावा तयार झाला की कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली अशिलाला बसवायचं आणि त्याला पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत दावा वाचून दाखवायचा. अशिलानं प्रत्येक वाक्याला मान हलवली पाहिजे. मान हलली नाही की साहेब थांबायचे. "कळलं न्हाई? मंग खोडा. ज्याचा मुकदमा त्यालाच कळंना, तर ते वाक्य कोर्टाला कशाला द्यायचं?" आणि खरंच खोडायचे. दोन-दोन तास जायचे. शेजारून जाणारे वकील टोमणा मारायचे, "साहेब, पोथी लावली का?" साहेब म्हणायचे, "व्हय. बसा, परसाद घिऊन जा."

हे वाचण्याचं काम बहुतेक वेळा माझ्याकडं यायचं, आणि खरं सांगते, मला त्याचा वैताग होता. उन्हात बसून, एका बांधाच्या भांडणासाठी सात पानं घसा फोडून वाचायची! माझ्या वर्गातली मुलं औरंगाबादला, पुण्याला काचेच्या ऑफिसात बसत होती. मी लॅपटॉप घेतला होता. जुने दावे त्यात भरून ठेवले होते. नवा अशील आला की जुना दावा उघडायचा, नावं बदलायची, झालं. दिवसभराचं काम तासात.

साहेबांना याचं मनापासून कौतुक होतं. एवढं की त्यांनी स्वतः कॉम्प्युटरचा क्लास लावला. बसस्टँडमागच्या गाळ्यात अकरावी-बारावीच्या मुलींच्या रांगेत हे काळा कोट घालून बसायचे. कोट कशाला घालता म्हणून एका मुलीनं विचारलं, तर म्हणाले, "नवीन जज्जापुढं जाताना बी घालतोच की." एका बोटानं टाइप करायचे, आणि ते बोटही आधी हवेत फिरवून अक्षर शोधायचे. ई-मेल आला की छापून घ्यायचे, त्यावर आवक क्रमांक टाकायचे आणि फाईलला लावायचे. मला समोरच्या टेबलावरून ई-मेल पाठवायचे: 'चहा सांगावा.' तो पोचला का, हे विचारायला उठून माझ्याकडं यायचे.

त्याच उन्हाळ्यात सुमनबाई आल्या.

सुमनबाई आणि त्यांचे मालक चौदा हंगाम ऊस तोडून आले होते. त्यातून सिंदफणेकाठी दोन एकर घेतलं, शेजारच्या विहिरीत तिसरा हिस्सा मिळवला आणि मोसंबी लावली. झाडं सहा वर्षांची, नुकती धरायला लागलेली. विहिरीतले बाकीचे दोन हिस्से शेजाऱ्याचे. हा शेजारी साखर कारखान्याचा संचालक होता, गावात त्याला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे संचालकच म्हणत. दुष्काळात विहिरीला दिवसाकाठी तासाभराचं पाणी उरलं, तशी संचालकानं यांची मोटार विहिरीतून उपसून बांधावर टाकली आणि सगळं पाणी आपल्या उसाला घेतलं.

"पानं गळाया लागली," सुमनबाई म्हणाल्या. मालक बाजूला बसून होते. "अजून आठ-धा दिस, मंग झाड मरतंय. तोडीचा मुकादम दोन येळा येऊन इचारून गेलाय, येता का म्हणून. वकीलसाहेब, बाग गेली तर परत कोयता. पोरगी नववीला हाय, ती बी मंग आमच्यासंगं फडात."

साहेब त्या कारखान्याच्या वकिलांच्या यादीत होते. संचालकाच्या विरुद्ध उभं राहणं म्हणजे ती यादी सोडणं, हे मला कळत होतं, त्यांना तर कळतच होतं. त्यांनी नुसतं विचारलं, "कोर्टाला सुट्टी कवा लागती गं वकीलबाई?"

"शनिवारी शेवटचा दिवस, साहेब. मग महिनाभर बंद."

तो मंगळवार होता.

"मंग उद्याच्या उद्या दावा. लाग कामाला."

बुधवारी सकाळी मी लॅपटॉप उघडला. विहिरीच्या भांडणाचा एक जुना दावा होता, दुसऱ्या गावचा. तो घेतला. नावं बदलली, गट नंबर बदलला, हिस्से बदलले. सुमनबाई बाहेर लिंबाखाली जाऊन बसल्या होत्या. या वकिलाकडं वाचून दाखवतात, हे त्यांना गावातच कुणीतरी सांगितलं होतं. मी कागद घेऊन गेले आणि म्हणाले, "मावशी, इथं सही करा."

"वाचायचं न्हवं?"

"कॉम्प्युटरवर केलंय. यात चुका होत नाहीत."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मालकांकडं बघितलं आणि जपून, एकेक अक्षर काढत सही केली.

साहेब पायऱ्यांवर भेटले. त्या दिवशी त्यांच्या क्लासची परीक्षा होती आणि उशीर झाला होता. गडबडीत पेन काढलं, सही करता करता विचारलं, "वाचून दाखवलंस का?"

"हो, साहेब."

हे दोन शब्द किती सहज आले तोंडातून. मला तेव्हा ते खोटं वाटलंच नाही, फक्त वेळ वाचवला असं वाटलं.

दुपारी मनाई हुकूम मिळाला. मी एकटी उभी राहून मिळवलेला पहिला हुकूम. सुमनबाईंनी माझा हात दोन्ही हातात धरला. संध्याकाळी साहेब परीक्षेहून आले ते हसत. पास झाले होते. आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले.

गुरुवारी बेलीफ हुकूम घेऊन विहिरीवर गेला. संचालकानं खिशातून चष्मा काढला आणि हुकूम सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग हसला. "ह्यो नंबर तर आमच्या गावच्या गायरानाचा हाय. तितं ना हीर, ना मोटार. जा, गायरानात मोटार सोडा, मी आडवत न्हाई."

दाव्यात वर सगळीकडं गट नंबर बरोबर होता. शेवटी कोर्टाकडं मागणं मागतो त्या परिच्छेदात मात्र जुन्या अशिलाचा नंबर तसाच राहिला होता, आणि सुमनबाईंच्या गावात तो नंबर गायरानाचा निघाला. हुकूम निघतो तो मागण्यावरून. आपला गट नंबर आमच्याकडच्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, पोराच्या नावासारखा सांगतील. लिंबाखाली एकदा वाचलं असतं तर सुमनबाईंची मान तिथंच थांबली असती.

बेलीफ परत यायच्या आधी बातमी बार रूममध्ये पोचली. मी फाईल घेऊन साहेबांसमोर उभी राहिले. त्यांनी दावा घेतला आणि ओळीवर बोट ठेवून पहिल्यापासून वाचायला लागले. शेवटच्या पानावर बोट थांबलं. मी वाट बघत होते, आता विचारतील, वाचून दाखवला होतास म्हणालीस ना? त्यांनी तेवढंच विचारलं नाही. दुरुस्तीचा अर्ज सांगायला लागले, मी लिहून घेतला. मग तो त्यांनी मला मोठ्यानं वाचायला लावला. पहिल्याच ओळीत मी तीनदा अडखळले. "पानी पी," म्हणाले.

शुक्रवारी कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्टीच्या आधी प्रत्येकाला काही ना काही हवं असतं. आमचा पुकारा झाला. संचालकाचा वकील उठला आणि म्हणाला, गायरान दाखवून कोर्टाची दिशाभूल केली आहे, हुकूम रद्द करावा, दुरुस्तीचं सुट्टीनंतर बघावं. सुट्टीनंतर! मी मागं वळून बघितलं. सुमनबाई दाराशी उभ्या होत्या, पदर तोंडात धरून.

जज्जसाहेब तरुण होते. त्यांनी कागद उलटून पालटून पाहिले आणि विचारलं, "हा परिच्छेद कोणी तयार केला?"

मी उठणार होते. मी अजूनही स्वतःला सांगते की मी उठणार होते. पण साहेब आधी उठले.

"मी, हुजूर. कॉम्प्युटर नवा शिकतोय. जुन्या कागदातला नंबर नव्यात राह्यला. वय झालं, दिसलं न्हाई." कोर्टात खसखस पिकली. साहेब हसू संपेपर्यंत थांबले. "चूक वकिलाची हाय, अशिलाची न्हाई. वकिलाला जी शिक्षा द्यायची ती द्यावी. पर सुट्टीनंतर दुरुस्ती झाली, तर हुकूम राहील आन बाग राह्यनार न्हाई."

जज्जसाहेबांनी दुरुस्ती मंजूर केली. उद्याच बेलीफ जाईल आणि सोबत पोलीस जाईल, असंही लिहिलं. मग पेन खाली ठेवून सौम्यपणे म्हणाले, "वकीलसाहेब, आता ही कामं तुमच्या ज्युनियरकडे सोपवत चला. त्यांना हे जमतं." आणि माझ्याकडं बघून हसले.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. सगळं कोर्ट माझ्याकडं बघत होतं आणि मी मान खाली घालून फाईलची दोरी बांधत होते. लाज वाटत होती, आणि त्या लाजेच्या खाली, कुणाला सांगू नये अशी, सुटल्याची भावना होती.

बाहेर व्हरांड्यात सुमनबाई साहेबांच्या समोर आल्या. "साहेब, लई इस्वासानं आलतो तुमच्याकडं. न वाचताच सही घेतली आमची. ह्या बाईला तुमीच तसं सांगितलं आसंल."

साहेबांनी हात जोडले. चाळीस वर्षांच्या वकिलानं, कोर्टाच्या व्हरांड्यात, शंभर माणसांसमोर. "चुकलं, माय," म्हणाले.

मी त्यांच्या मागं दोन हातांवर उभी होते.

शनिवारी मोटार विहिरीत उतरली. पाणी चाललं. वरच्या अंगाच्या दोन ओळी वाळून गेल्या, बाकीची बाग तगली. सुमनबाईंनी कोयता परत हातात घेतला नाही. दावा पुढं चालला, हिस्साही कायम झाला. पण गावोगाव पसरलं ते निराळंच: म्हाताऱ्यानं गायरानावर हुकूम आणला. कारखान्याच्या यादीतून साहेबांचं नाव गेलं. कारण संचालकाविरुद्धच्या दाव्याचं नव्हतं, 'वयोमानानुसार होणाऱ्या चुका' असं पत्रात लिहिलं होतं. त्या पत्रावर साहेबांनी आवक क्रमांक टाकला आणि फाईलला लावलं. दूध संघानंही मग वकील बदलला. नवी कामं समोरच्या टेबलावर, म्हणजे माझ्याकडं, यायला लागली. ऑनलाइन दाखल करायचं, पडद्यावरून सुनावणी चालवायची, फोनवरून फसवल्याच्या तक्रारी, सगळं माझ्याकडं. साहेब मला एकेक पुस्तक काढून द्यायचे, कुठल्या कलमाखाली काय जन्मतंय ते सांगायचे. स्वतः एका बोटानं टाइप करत राहिले. पण लिंबाखाली बसायला त्यांच्याकडं फारसं कुणी येत नसे.

एकदा मी धीर केला. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. "साहेब, त्या विहिरीच्या दाव्यात मी..."

त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "ऐक वकीलबाई. नव्या वकिलाची पयली चूक लोकं जलमभर सांगत्यात. म्हाताऱ्याची चार दिस."

हिशेब त्यांचा चुकला. चार दिवस नाही, लोक अजून सांगतात. दोन वर्षांनी त्यांनी प्रॅक्टिस बंद केली आणि आष्टी तालुक्यात कड्याला, आपल्या गावी, निघून गेले. जाताना कपाटं, पुस्तकं, उरलेले अशील मला दिले. पाटी काढायला मी माणूस बोलावला होता, तर म्हणाले, नको, आणि स्वतःच स्टूलावर चढून स्क्रू काढले.

गेल्या वर्षी सुमनबाई आल्या. शेताला जायच्या रस्त्याचं काम होतं. माझं ऑफिस आता मोठं आहे, दोन ज्युनियर आहेत, थंड हवा आहे. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. पोरगी नर्स झाली म्हणाल्या, बीडला नोकरी करते. मग फाईल पुढं सरकवून म्हणाल्या, "ताई, तुमीच जातीनं बघा बरं का. त्या म्हाताऱ्यावानी नंबर चुकू देऊ नका."

हे वाक्य मी याआधी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी गोड हसले होते. त्या दिवशी मला हसता आलं नाही. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. जुना दावा कुणी उघडला, नंबर कुणाचा राहिला, वाचून दाखवलं असं साहेबांना खोटं कुणी सांगितलं. सगळं.

सुमनबाई टेबलावरच्या काचेवर बोट फिरवत राहिल्या.

"आन मी त्यांना व्हरांड्यात बोलले," अखेर म्हणाल्या. "हात जोडले त्यांनी. मला."

"हो."

"जिते हायत का?"

"आहेत. कड्याला असतात. तब्येत बरी नसते म्हणे."

"म्हणे?" त्यांनी मान वर केली. "तुमी गेल्या न्हाई?"

मी त्यांची फाईल उघडली. त्या उठल्या. फाईल माझ्या टेबलावरच राहू दिली, पिशवी काखेत मारली. बीडला जाऊन गाडी बदलावी लागेल, पोचायला अंधार पडेल, असं मी सांगितलं. "पडू दे," म्हणाल्या. पोरीकडं बीडला मुक्काम करीन, सकाळी जाईन. दाराशी जाऊन थांबल्या आणि वळून म्हणाल्या, "चला की ताई. दोघी जाऊ."

मी घड्याळाकडं बघितलं आणि म्हणाले, "मावशी, आज माझी कोर्टात तारीख आहे."

त्या गेल्या. त्या दिवशी माझी एकही तारीख नव्हती.